सोळा तारखेपासून बंद

हनीफ शेखला राग लवकर येत नसे. पिंपरीत चाळीस वर्षं डिझेलचे पंप आणि नोझल दुरुस्त करणाऱ्या माणसाला तापट असून चालत नाही. पंपाच्या पोटात दोन भागांमध्ये केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढी फट असते. हात थरथरला की काम फुकट. चाकणच्या कंपन्यांचा माल ओढणारे टेम्पोवाले तणतणत दुकानात यायचे, गाडी अर्ध्या रस्त्यात बंद पडल्याचा सगळा वैताग त्याच्यावर काढायचे, आणि हा मान खाली घालून ऐकून घ्यायचा. संत तुकाराम नगरातल्या घरी त्याची बायको फरीदा म्हणायची, "यांचा राग डिझेलसारखा आहे. ठिणगीनं नाही पेटत. दाबत गेलं की मग पेटतो."

दाबायला सुरुवात झाली होती सोळा तारखेला. त्याला ते कळलं चोवीसला.

त्याच्या उजव्या फुप्फुसात, अगदी खालच्या अंगाला, लिंबाएवढी गाठ निघाली होती. ऑपरेशन झेपणार नाही म्हणाले, म्हणून केमो आणि त्याच्या जोडीनं रेडिएशन ठरलं. तीस दिवस लाईट घ्यायची, रेडिएशनला तिथले पेशंट लाईटच म्हणत, शनिवार-रविवार सुट्टी. हॉस्पिटल खासगी, घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर. पहिल्या दिवशी चारुलता नावाच्या मॅडमनी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्या डॉक्टर नव्हत्या. मशीनमधून किती किरण, कुठल्या बाजूनं, नेमके कुठे पडायचे याचं गणित मांडणं हे त्यांचं काम.

"हनीफकाका, तुमची गाठ एका जागी बसत नाही," त्या म्हणाल्या. "श्वास घेतला की खाली सरकते, सोडला की वर येते. अठरा मिलिमीटर."

"अठरा मिलिमीटर म्हणजे आमच्या धंद्यात परगावी जाऊन येणं झालं, मॅडम."

चारुलता हसल्या. मग त्यांनी एक प्लास्टिकची डबी दाखवली, काडेपेटीहून थोडी मोठी, वर चमकणारे ठिपके. ही डबी पोटावर ठेवायची. छताजवळचा कॅमेरा तिच्यावर सारखी नजर ठेवणार. पोट वर-खाली झालं की बाहेरच्या स्क्रीनवर लाट उमटणार. श्वास सोडून पोट खाली गेलं की गाठ ठरलेल्या जागी येते. तेवढ्याच वेळात मशीन किरण सोडणार. श्वास घेतला की आपोआप थांबणार.

"म्हणजे टायमिंग," हनीफ म्हणाला.

"अगदी बरोबर. आणि हलणाऱ्या गाठीवर अशी नजर आहे म्हणून आपण किरणांचा घेरा लहान ठेवू शकतो. सभोवती फक्त पाच मिलिमीटर. चांगलं फुप्फुस वाचतं."

हे ऐकून हनीफला महिन्याभरात पहिल्यांदा बरं वाटलं. घरी येऊन त्यानं फरीदाला दोनदा सांगितलं. आजारात त्याला कळेल अशी एक तरी गोष्ट होती, आणि ती कुणीतरी नीट जुळवली होती.

पहिले बारा दिवस तसंच झालं. टेबलावर पडायचं, हात डोक्यावर घ्यायचे, पोटावर डबी. मशीन सुरू झालं की भुणभुण आवाज यायचा. श्वास सोडला की भुणभुण, घेतला की शांत. वीस-बावीस मिनिटं लागायची. कॅमेऱ्याभोवती एक मंद लाल कडं दिसायचं, त्याकडे बघत तो पडून राहायचा.

तेराव्या दिवशी, सोळा तारखेला, आठ मिनिटांत सुटका झाली. टेक्निशियन प्रीतम आत येऊन म्हणाला, "काका, आज लवकर सुटलात. अपडेट आलंय. आता मशीन एकदम फास्ट."

हनीफ खूश झाला. बाहेर बसलेले लोकही खूश झाले, रांग भराभर पुढे सरकत होती. पण रिक्षात बसल्यावर त्याच्या डोक्यात काहीतरी टोचत राहिलं. आवाज तुटला नव्हता. भुणभुण एकसलग आली होती. चाळीस वर्षं ज्या माणसानं कानानं इंजिन ओळखलं, त्याच्या कानातून ही गोष्ट जाईना. दुसऱ्या दिवशी त्यानं प्रीतमला विचारलं, "श्वास घेतला तरी मशीन थांबत नाही का रे आता?"

"काका, ते टेन्शन आमचं. तुम्ही फक्त शांत पडा आणि श्वास घ्या."

तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तेव्हा प्रीतम थोडा चिडला. चारुलता मॅडम कुठे आहेत म्हटलं तर मीटिंगमध्ये. हनीफनं स्वतःलाच समजावलं. एवढं मोठं हॉस्पिटल, शिकलेली माणसं, आपण एक मिस्त्री. डबी तर रोज पोटावर ठेवतात ना. काम होत नसेल तर ठेवतील कशाला.

त्या दिवसांत तो डोळे मिटून नुसता आवाज ऐकत पडायचा. चोवीस तारखेला, एकोणिसाव्या दिवशी, पडल्या पडल्या त्याची नजर वर गेली आणि कॅमेऱ्याभोवतीचं लाल कडं दिसेना. मान न हलवता त्यानं डोळे ताणून बघितलं. कॅमेरा होता. कडं नव्हतं.

भुणभुण सुरू झाली. दुकानात संशय आला की तो एकच करायचा: एक नळी सैल करायची आणि इंजिनात फरक पडतो का बघायचं. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि रोखला. पोट टम्म वर आलं, डबी वर आली. आता मशीन थांबायला हवं होतं. एक. दोन. तीन. भुणभुण चालूच.

त्यानं घाईघाईनं श्वास सोडला, आणि आपण काय केलं हे त्याच्या लक्षात आलं. ती तीन मोजेपर्यंत किरण गाठीवर पडले नव्हते, चांगल्या फुप्फुसावर पडले होते. आणि तीनच का. गेले सात दिवस प्रत्येक श्वासाला हेच चाललं होतं. गाठ वर-खाली जात होती आणि मशीन आंधळ्यासारखं एका जागी मारत होतं. त्याच्या कानशिलाच्या शिरा तडतडायला लागल्या. पण हात डोक्यावर होते, वरून मशीन फिरत होतं, आणि हलायची सोय नव्हती. उरलेली पाच मिनिटं तो तसाच पडून राहिला. आयुष्यात एवढा राग त्याला कधी आला नव्हता, आणि तो असा आडवा पडून, पोटावर एक बिनकामाची डबी घेऊन गिळावा लागत होता.

ती डबीच त्याला जास्त झोंबली. कॅमेरा बिघडू शकतो. यंत्र आहे, बिघडतं. पण बिघडलेला कॅमेरा माहीत असताना रोज निगुतीनं पोटावर डबी ठेवायची, म्हणजे पडलेल्याला संशय येऊ नये. हे बिघडणं नव्हतं.

बाहेर बाकड्यावर पुनावळ्याच्या सोजरबाई बसल्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या, डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं. रोज त्यांचा नंबर हनीफच्या नंतर असायचा, त्यामुळे ओळख झालेली. हनीफ त्यांच्याशेजारी बसला.

"मावशी, तुम्हाला पण पोटावर डबी ठेवतात ना?"

"व्हय की. आन् लांब श्वास घेऊन दमच धरायचा म्हनत्यात. काळीज लांब जातं म्हनं, त्याला लाईट लागत न्हाई."

"अजून धरायला सांगतात?"

सोजरबाईंनी जरा आठवून बघितलं. "न्हाई बा. आठ-धा दिस झालं, म्हनत्यात आजी, आता दम धरायची गरज न्हाई, नेहमीसारकं ऱ्हावा. मला बरंच वाटलं. दम धरून धरून मी पार थकले व्हते."

बाईंचं काळीज त्या किरणांच्या वाटेत पडत होतं आणि त्यांना बरं वाटत होतं. प्रीतमनं दारातून हाक मारली, "सोजरबाई, चला." हनीफनं त्यांचा हात धरला. "मावशी, आज जाऊ नका."

"का वो?"

त्यानं सांगितलं. शक्य तितकं सोपं करून सांगितलं. सोजरबाई ऐकत राहिल्या, मग पदर सावरून उठल्या आणि प्रीतमला म्हणाल्या, "आज माज्या पोटात कळ आलीया. उंद्या बगू." आणि पुतण्याला हाक मारून चालू पडल्या.

घरी आल्यावर हनीफ जेवला नाही. फरीदा तीस वर्षं उर्दू शाळेत शिकवत आलेली बाई, तिनं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भांडू नका."

"भांडू नको?"

"त्यांच्याच हाताखाली झोपायचंय तुम्हाला. अजून अकरा दिवस. त्यांनी मनात धरलं तर? आपण दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊ, गुपचूप."

"अर्धवट लाईट घेतलेला पेशंट कोण घेतं मध्येच? आणि ती म्हातारी? आणि बाकीचे?"

"मला बाकीच्यांचं सांगू नका. मला तुमचं पडलंय."

हनीफचा आवाज चढला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, तो फरीदावर असा कधी ओरडला नव्हता. "माझंच सांगतोय मी. सात दिवस माझं चांगलं फुप्फुस भाजलंय त्यांनी. मी विचारलं तर मला म्हणे शांत पडा. मी गाडी आहे काय?" ओरडता ओरडता खोकला आला आणि तो थांबेना. फरीदानं पाठीवरून हात फिरवला. खोकला थांबल्यावर ती उठली, चष्मा लावला आणि कोरा कागद घेऊन बसली.

"सांगा," ती म्हणाली. "तारखांसकट सांगा. कुठल्या दिवशी किती मिनिटं, कोण काय बोललं. सगळं."

पंचवीस तारखेला प्रीतमनं नाव पुकारलं तेव्हा दोघं आत गेले. हनीफ टेबलावर बसला. पडला नाही.

"काका, झोपा ना. मागे चाळीस पेशंट आहेत."

"कॅमेरा चालू कर. मग झोपतो."

प्रीतमनं छताकडे बघायचं टाळलं. पंचविशीचा पोरगा होता, मनानं वाईट नव्हता. पण हनीफला त्या घटकेला त्याची दया येत नव्हती. तो बाहेर गेला आणि पाच मिनिटांनी विभागप्रमुख डॉक्टर सुरेंद्र यांना घेऊन आला. डॉक्टरांनी आल्या आल्या हनीफच्या खांद्यावर हात ठेवला.

"हनीफभाई, काय त्रास आहे?"

"कॅमेरा कधीपासून बंद आहे?"

"हे बघा, या फार तांत्रिक गोष्टी असतात. तुम्ही यात डोकं घालू नका. एक दिवस चुकला तरी गाठीला वाढायला संधी मिळते, हे लक्षात घ्या. तुमचंच नुकसान आहे."

"माझ्या प्रत्येक दिवसाची श्वासाची लाट निघते. मॅडमनी दाखवली होती पहिल्या दिवशी. ती दाखवा. सोळापासून कालपर्यंतची."

"ती पेशंटला देत नाहीत."

"द्यायला नको. दाखवा."

डॉक्टरांचा हात खांद्यावरून निघाला. "तुम्ही रेडिएशन शिकलाय का?"

"नाही. पण बंद पडलेलं मशीन चालू आहे म्हणून गिऱ्हाइकाला सांगितलं तर दुकान कुठल्या तोंडानं उघडायचं, एवढं शिकलोय."

फरीदानं तिचा कागद पुढे केला. डॉक्टरांनी तो घेतला नाही. त्यांनी प्रीतमला सांगितलं, चारुलता मॅडमना बोलव, काकांना समजावून सांगायला. हनीफनं मनाशी ठरवलं, ही बाई काय म्हणते ते बघू. त्याला सगळ्यात जास्त राग तिचाच होता. प्रीतमनं काही शिकवलं नव्हतं, डॉक्टरांनी काही शिकवलं नव्हतं. टायमिंग हिनं शिकवलं होतं.

चारुलता आल्या. त्यांनी हनीफकडे बघितलं, फरीदाच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, यांना जरा सांगा, या टप्प्यावर एवढ्याशा फरकानं काही बिघडत नाही."

त्यांनी छतावरच्या बंद कॅमेऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बिघडतं, सर."

"मॅडम."

"यांची गाठ अठरा मिलिमीटर हलते आणि आपण घेरा पाचाचा ठेवलाय. कॅमेरा सोळा तारखेपासून बंद आहे, काका. सुटा भाग बाहेरून यायचाय. मी पहिल्याच दिवशी मेल केला होता की तुमच्यासारखे अकरा पेशंट थांबवा, नाहीतर घेरा मोठा करून नवा प्लॅन करू. वरून सांगितलं, रांग तुंबेल, चालू ठेवा, चार दिवसांत भाग येईल."

"आणि तुम्ही चालू ठेवलं," हनीफ म्हणाला.

"हो."

"रोज सही कोणाची होती?"

"माझी."

फरीदानं पेन उघडलं आणि ते शब्द तिथल्या तिथे लिहून घेतले. डॉक्टर सुरेंद्र बाहेर पडले. हनीफ टेबलावरून उतरला. त्याला वाटलं होतं, खरं ऐकलं की राग उतरेल. उलट तो आता नीट पेटला. ही बाई चूक ओळखणारी होती, मिलिमीटरमध्ये ओळखणारी, आणि तरी सात दिवस सही करत होती.

तासाभरानं व्यवस्थापनाच्या माणसानं दोघांना केबिनमध्ये बसवलं. चहा, बिस्किटं. गोड बोलणारा गृहस्थ. म्हणाला, तुमचं स्कॅन आजच करू, नवा प्लॅन उद्याच, सगळं पहिल्या नंबरला. फक्त बाहेर बोलू नका, लोक उगाच घाबरतात, उपचार सोडून पळतात.

"बाकीच्या दहा जणांना कोण सांगणार?" फरीदानं विचारलं. कालपर्यंत हीच म्हणत होती, मला बाकीच्यांचं सांगू नका.

"योग्य वेळी सांगू."

हनीफ उठला, केबिनचं दार उघडून थेट प्रतीक्षागृहात गेला. तीसेक माणसं बसली होती. सोजरबाई पुतण्याबरोबर आल्या होत्या. कुणाच्या डोक्याला रुमाल, कुणाच्या हातात डबा. त्याला भाषण करायची सवय नव्हती. खोकत, थांबत त्यानं सांगितलं: ज्यांच्या पोटावर डबी ठेवतात त्यांनी ऐका. कॅमेरा सोळा तारखेपासून बंद आहे. डबी नुसती ठेवतात. आत जायच्या आधी विचारा, माझ्या श्वासावर नजर कोण ठेवतंय.

एक माणूस म्हणाला, "भाऊ, आमची लाईट बंद करू नका हो." ते ऐकून हनीफला त्याचाही राग आला, आणि मग लगेच स्वतःचीच लाज वाटली. पण मागून एक बाई उठली, मग आणखी एक तरुण, आणि नोंदणीच्या खिडकीशी गर्दी झाली. सोजरबाईंनी खिडकीवर थाप मारली. "माज्या काळजाला किती लागलं ते लिवून द्या. मला लिवून पायजे," त्या सांगत राहिल्या, एकाच सुरात, जोवर कुणी बाहेर येऊन लिहायला कागद घेतला नाही तोवर.

मग जे व्हायचं ते झालं. अकरा जणांचे उपचार थांबले. फरीदाचा अर्ज किरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाकडे गेला, खाली अकरांपैकी आठ जणांच्या सह्या आणि सोजरबाईंचा अंगठा. पाच दिवसांनी सुटा भाग आला. म्हणजे पाच दिवस खाडा. डॉक्टरांनी सांगितलेलं खोटं नव्हतं, खाड्यानं नुकसान होतं. ही गोष्ट हनीफला फार लागली. पडला असता तर नुकसान, उठला तरी नुकसान. दोन्ही त्याच्याच अंगावर. नव्या स्कॅनवर हिशेब मांडला तेव्हा कळलं, त्या सात दिवसांत गाठीच्या खालच्या टोकाला निम्म्याहून कमी किरण मिळाले होते. म्हणून चार दिवस वाढवले. उरलेले अकरा आणि हे चार, असे पंधरा दिवस तो घेऊन आला, रोज आधी वर कॅमेऱ्याकडे बघून मगच हात डोक्यावर घेत.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. गाठ आकसली होती, गेली नव्हती. भोवतालच्या फुप्फुसात व्रण धरला होता. आता दोन जिने चढले की त्याला दम लागतो. त्यातलं आजारानं किती, त्या सात दिवसांनी किती, हे त्यानं तीन डॉक्टरांना विचारलं. तिघांनीही सांगितलं, असं वेगळं काढता येत नाही. सोजरबाईंना तर ते आणखी दहा वर्षांनी कळलं तर कळेल. "तवर मी कशाला ऱ्हाते," त्या फोनवर म्हणाल्या.

एका दुपारी चारुलता दुकानात आल्या. हनीफ पंपाची चाचणी घेत होता. त्यानं मशीन बंद केलं आणि स्टूल पुसून दिलं. त्यांनी ते हॉस्पिटल सोडलं होतं. मंडळाची चौकशी पुढच्या आठवड्यात होती. हॉस्पिटल सगळं त्यांच्या सहीवर ढकलत होतं. मेल दिलाय, त्या म्हणाल्या, पण त्या खोलीत मी काय बोलले हे तुम्ही दोघांनी सांगितलं तर बरं होईल.

हनीफनं चहा मागवला. चहा येईपर्यंत तो हातावरचं डिझेल पुसत राहिला.

"मी येईन," तो म्हणाला. "तुम्ही डॉक्टरांसमोर खरं बोललात, ते सांगेन. सात दिवस सह्या केल्यात, तेही सांगेन. दोन्ही सांगेन."

"दोन्ही सांगा," चारुलता म्हणाल्या.

"आणि मॅडम, माझा राग गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही. तुम्ही चहा प्या, पण हे माहीत असू द्या."

त्यांनी मान हलवली. दोघांनी चहा प्यायला. त्या गेल्यावर हनीफनं फरीदाला फोन लावला आणि सांगितलं, तुझा तो कागद शोधून ठेव, तारखांचा, मूळचा. झेरॉक्स नको.